आरएफआयडी टॅगवरील मुद्रित आकाशक : रचना, कार्य आणि अमरावती-अकोला परिसरातील उपयोजन

गोषवारा

रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तूची ओळख पटविणाऱ्या तंत्रास आरएफआयडी असे म्हणतात. या तंत्रातील टॅगचे दोन भाग असतात : माहिती साठविणारी सूक्ष्म चिप आणि तिला बाहेरील जगाशी जोडणारा आकाशक, म्हणजेच अँटेना. चिपविषयी बरेच बोलले जाते. परंतु टॅग वाचला जाणार की नाही, हे बहुतांशी आकाशकावर आणि तो ज्या वस्तूवर चिकटविला आहे त्या वस्तूच्या गुणधर्मांवर ठरते. प्रस्तुत लेखात मुद्रित आकाशकाचे कार्य, त्यातील शक्तीचा हिशेब, मुद्रणाची प्रक्रिया आणि काच, रुई, संत्री व धातू यांच्या सान्निध्यात त्याच्या वर्तनात होणारे बदल यांचे विवेचन केले आहे. उदाहरणे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील व्यवहारांतून घेतली आहेत.

बीजसंज्ञा : आरएफआयडी, मुद्रित आकाशक, फास्टॅग, संरोध जुळणी, रुईची गाठ.

१. प्रस्तावना

अमरावती व अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ ने जोडली गेली आहेत. पूर्वी हाच मार्ग क्र. ६ म्हणून ओळखला जाई. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे अंथरला गेला व त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या विक्रमाची चर्चा सर्वत्र झाली. मात्र या मार्गाने जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या पुढील काचेवर एक पातळ चिकटपट्टी असते आणि तिच्यात कोणतीही बॅटरी नसताना ती पथकर नाक्यावरील यंत्राशी संवाद साधते, या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही पट्टी म्हणजे फास्टॅग.

राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा प्रारंभ २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर प्रायोगिक स्वरूपात झाला. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी वाहनांना तो बंधनकारक झाला व फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून नाक्यांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या मार्गिका म्हणून घोषित करण्यात आल्या. वैध टॅग नसल्यास दुप्पट पथकर, असा नियम करण्यात आला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात बदल होऊन रोखीने भरणाऱ्यास दुप्पट व यूपीआयद्वारे भरणाऱ्यास सव्वापट असा भेद करण्यात आला. याचा अर्थ असा की, टॅग वाचला जाणे वा न वाचला जाणे ही केवळ प्रयोगशाळेतील बाब राहिलेली नाही. तिचा संबंध वाहनधारकाच्या खिशाशी आहे. म्हणूनच टॅग का वाचला जातो आणि का वाचला जात नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. संकल्पना व पूर्वपीठिका

परावर्तित रेडिओ शक्तीच्या आधारे संदेशवहन करता येईल, ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. आरशाने सूर्यप्रकाशाचा कवडसा पाडून दूरच्या माणसाला खूण करावी, तसाच हा प्रकार होय. खूण करणाऱ्याजवळ स्वतःचा दिवा नसतो. तो दुसऱ्याचा प्रकाश केवळ वळवितो. आरएफआयडी टॅगही वाचक यंत्राकडून आलेली लहर कमी-अधिक प्रमाणात परावर्तित करून स्वतःचा क्रमांक कळवितो. पुढे १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना व १९८३ मध्ये चार्ल्स वॉल्टन यांना अमेरिकेत या क्षेत्रातील एकस्वे मिळाली. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ऑटो-आयडी केंद्राची स्थापना झाली आणि २००४ च्या अखेरीस 'जेन-२' हे सामाईक मानक मान्य झाले. फास्टॅगही याच मानकाच्या कुळातील आहे.

मुद्रित आकाशकाचा इतिहास याला समांतर आहे. सपाट पट्टीवर धातूचा आकार उमटवून त्यापासून आकाशक तयार करण्याची कल्पना देशॉं यांनी १९५३ मध्ये मांडली; १९७० च्या दशकात ती प्रत्यक्षात आली. महाराष्ट्रात या विषयावर भरीव काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील गिरीश कुमार आणि 'समीर' या संस्थेतील के. पी. रे यांनी लिहिलेला सूक्ष्मपट्टी आकाशकांवरील इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'मुद्रित' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. व्यापक अर्थाने पातळ पटलावर असलेला कोणताही सपाट धातुमय आकाशक मुद्रित म्हटला जातो. मग तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक कोरणी करून तयार केलेला का असेना. संकुचित अर्थाने मात्र संवाहक शाईने छापलेला आकाशकच मुद्रित होय. बाजारातील टॅगमध्ये कोरलेल्या ॲल्युमिनियमचे प्रमाण मोठे आहे. दोन्ही प्रकारांचे भौतिकशास्त्र एकच आहे. फरक पडतो तो संवाहकतेत व खर्चात.

३. वारंवारतेची निवड

आरएफआयडीसाठी प्रामुख्याने तीन वारंवारता-पट्टे वापरले जातात.

पहिला पट्टा १२५ ते १३४.२ किलोहर्ट्झचा. जनावरांच्या शरीरात बसविण्याच्या टॅगसाठी तो वापरला जातो. कारण इतक्या कमी वारंवारतेस शरीरातील पाण्याचा अडथळा फारसा होत नाही. येथे तारेची गुंडाळी लागते, छापील आकाशक नव्हे. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात दिसणारे पिवळे बिल्ले हे बहुतांशी बारा अंकी क्रमांक व बारकोड असलेले असतात. ते रेडिओ टॅग नव्हेत, हे लक्षात घ्यावे.

दुसरा पट्टा १३.५६ मेगाहर्ट्झचा. ग्रंथालयातील पुस्तके व स्पर्शरहित कार्डे यांसाठी तो रूढ आहे. येथील आकाशक हा चौकोनी सर्पिलाकार वेटोळ्याचा असतो आणि त्याचे कार्य रोहित्रासारखे, म्हणजे चुंबकीय प्रवर्तनाने चालते. त्यामुळे वाचनाचे अंतर काही सेंटिमीटरपासून फार तर मीटरभर असते.

तिसरा पट्टा अतिउच्च वारंवारतेचा. भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला व २०२१ मध्ये त्याची मर्यादा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली. या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते व अर्धतरंग आकाशकाची लांबी सुमारे १७.३ सेंटिमीटर. येथे टॅग खऱ्या अर्थाने लहर ग्रहण करतो व परावर्तित करतो. म्हणून कित्येक मीटर अंतरावरून वाचन शक्य होते. पुढील विवेचन याच पट्ट्यासंबंधी आहे.

४. शक्तीचा हिशेब

टॅगमध्ये बॅटरी नसल्याने चिपला लागणारी सर्व शक्ती आकाशकाने हवेतूनच मिळवावी लागते. हा हिशेब एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

वाचक यंत्राची प्रेषण-शक्ती १ वॅट आहे आणि त्याचा आकाशक ती एका दिशेने चौपट एकवटतो, असे समजू. म्हणजे त्या दिशेने ४ वॅटचा सर्वदिक् स्रोत असल्यासारखा परिणाम होईल. ५ मीटर अंतरावर ही शक्ती पसरून प्रतिचौरस मीटर सुमारे १२.७ मिलिवॅट इतकी विरळ होते. आता अर्धतरंग आकाशकाचे परिणामी ग्रहणक्षेत्र काढल्यास ते सुमारे १५६ चौरस सेंटिमीटर येते. आकाशकाची पट्टी एखाद-दुसरा मिलिमीटरच रुंद असली, तरी ती तळहाताएवढ्या क्षेत्रावरील लहर गोळा करते, ही बाब लक्षणीय आहे. या दोहोंचा गुणाकार केल्यास टॅगला सुमारे २०० मायक्रोवॅट शक्ती मिळते. चिप जागी होण्यास १६ मायक्रोवॅट पुरतात असे धरले, तर हे बारापटीहून अधिक झाले.

अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश होते. या नियमाने आदर्श स्थितीत वाचनाची कमाल मर्यादा सुमारे १७.६ मीटर येते. प्रत्यक्षात दोन घट होतात. वाचक यंत्राचा आकाशक बहुधा वर्तुळ-ध्रुवित लहर पाठवितो व टॅगचा आकाशक रेषीय असतो. त्यामुळे निम्मी शक्ती वाया जाते. आकाशक व चिप यांचा मेळ नीट नसल्यास उरलेल्या शक्तीपैकी आणखी निम्मी गेली असे मानू. एकूण शक्ती एक चतुर्थांश झाली. म्हणजे अंतर निम्मे, सुमारे ८.८ मीटर उरले.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : अंतर हे शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून लहानसहान घट टॅग सहन करतो. परंतु काच, पाणी वा धातू यांमुळे शक्ती शतांशावर आली, तर १७.६ मीटरचे १.७६ मीटर होतात. नाक्यावर छताजवळ बसविलेल्या यंत्राच्या दृष्टीने असा टॅग नसल्यासारखाच होय.

वेगाचा प्रश्न मात्र वाटतो तितका कठीण नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदास सुमारे २२ मीटर अंतर कापते. वाचनक्षेत्र ६ मीटरचे असेल, तर वाचनासाठी सुमारे ०.२७ सेकंद मिळतो. एका टॅगचा क्रमांक वाचण्यास काही मिलिसेकंद पुरतात. म्हणजे वाहन थांबविण्याचे कारण वाचनाचा वेग हे नसून, न वाचल्या गेलेल्या टॅगचे काय करावयाचे, हे आहे.

५. आकाशक व चिप यांचा मेळ

आकाशकाने गोळा केलेली शक्ती चिपमध्ये पूर्णतः उतरावी, यासाठी दोहोंचे संरोध परस्परांस अनुरूप असावे लागतात. चिपचा संरोध साध्या रोधासारखा नसतो. तिच्यातील सूक्ष्म धारकांमुळे तो मोठ्या प्रमाणावर धारक स्वरूपाचा असतो. त्यातील रोधाचा भाग दहा-वीस ओहम, तर धारक भाग शे-दीडशे ओहम वा त्याहून अधिक असू शकतो. त्यामुळे आकाशकाला तितक्याच मूल्याचा, परंतु विरुद्ध स्वरूपाचा, म्हणजे प्रवर्तक भाग असावा लागतो. दोन्ही भाग एकमेकांस छेद देतात आणि केवळ रोध उरतात. ते समान असले की शक्तीचे संक्रमण कमाल होते.

कोणताही टॅग उजेडासमोर धरून पाहिल्यास ही रचना डोळ्यांना दिसते. मध्यभागी चिपभोवती लहानसा आयताकृती फास असतो. तो आवश्यक तो प्रवर्तक भाग पुरवितो. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या भुजा नागमोडी असतात. कारण १७ सेंटिमीटरचा सरळ आकाशक दहा सेंटिमीटरच्या पट्टीत मावत नाही. भुजांच्या टोकांशी बहुधा रुंद पत्रे असतात. त्यांच्यामुळे आकाशकाची विद्युत्-लांबी वाढते. म्हणजे टॅगवरील नक्षी ही शोभेची नसून तिच्यातील प्रत्येक वळणास प्रयोजन आहे.

आकार लहान करण्याची किंमत मोजावी लागते. पूर्ण अर्धतरंग आकाशकाचा प्रारण-रोध सुमारे ७३ ओहम असतो. नागमोडी करून लांबी घटविली की तो झपाट्याने कमी होतो. मग धातूच्या स्वतःच्या रोधात होणारा अपव्यय तुलनेने मोठा ठरतो. पुढील भागात याचेच गणित केले आहे.

६. मुद्रणाची प्रक्रिया व शाईचा रोध

अमरावती वा अकोल्यात लग्नपत्रिका, पिशव्या व फलक छापणारे अनेक व्यावसायिक स्क्रीन प्रिंटिंगचा वापर करतात. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर मोकळा ठेवलेला आकार आणि रबरी पट्टीने ओढली जाणारी शाई, ही ती पद्धत. संवाहक शाईने आकाशक छापण्याचे तत्त्व हेच आहे. फरक शाईत आहे : तिच्यात चांदीचे सूक्ष्म कण व त्यांना बांधून ठेवणारे रेझीन असते. छपाईनंतर पटलास उष्णता दिली की द्रावक उडून जातो, कण परस्परांच्या निकट येतात व विद्युत्-मार्ग तयार होतो. छापण्यासाठी बहुधा पॉलिएस्टरचे पारदर्शक पटल वापरतात; कागदावरही छपाई होऊ शकते. मोठ्या उत्पादनात फ्लेक्सो व ग्रॅव्ह्युअर या रुळांवरील पद्धतींचा, तर नमुन्यांसाठी इंकजेट पद्धतीचा उपयोग केला जातो.

कण एकमेकांना केवळ स्पर्शबिंदूंपाशी जोडलेले असल्याने शाईची संवाहकता शुद्ध चांदीपेक्षा बरीच कमी असते. ती एक दशांश आहे असे मानून हिशेब करू. उच्च वारंवारतेस विद्युत्-प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठथरातून वाहतो. ८६६ मेगाहर्ट्झला शुद्ध चांदीत या थराची खोली सुमारे २.२ मायक्रोमीटर, तर वरील शाईत सुमारे ७ मायक्रोमीटर येते. याहून फार जाड थर देण्याने महाग शाई खर्ची पडते, लाभ थोडाच होतो; याहून पातळ दिल्यास रोध वाढतो.

आता दोन आकाशकांची तुलना करू. पहिला सरळ, १६ सेंटिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद व १० मायक्रोमीटर जाड. त्याचा रोध सुमारे २.६ ओहम येतो. प्रवाह टोकांकडे कमी होत जात असल्याने त्याचा निम्मा, म्हणजे १.३ ओहम, परिणामकारक धरावा. प्रारण-रोध ७३ ओहम असल्याने कार्यक्षमता सुमारे ९८ टक्के राहते. दुसरा आकाशक नागमोडी. रेषेची एकूण लांबी २४ सेंटिमीटर, रुंदी अर्धा मिलिमीटर व जाडी ५ मायक्रोमीटर. त्याचा रोध सुमारे १५.४ ओहम, परिणामकारक ७.७ ओहम. प्रारण-रोध १२ ओहम धरल्यास कार्यक्षमता सुमारे ६१ टक्क्यांवर येते. वर्गमूळाच्या नियमाने अंतर सुमारे २२ टक्क्यांनी घटते.

म्हणजे शाईची संवाहकता शुद्ध धातूच्या दशांश असली, तरी आकाशकाला पुरेशी जागा मिळाल्यास ती अडसर ठरत नाही. जागा कमी करताना मात्र तीच शाई जाचक होते. चांदीचा थर सर्वत्र सारखा न देता, जेथे प्रवाह अधिक असतो त्या मधल्या फासापाशी जाड व टोकांकडे पातळ ठेवणे, हा यावरील तर्कसंगत उपाय होय.

७. टॅग कशावर चिकटतो ?

आकाशक हा एकटा कधीच नसतो. ज्या वस्तूवर तो चिकटतो ती वस्तू त्याचाच एक भाग बनते. याच ठिकाणी अमरावती-अकोला परिसरातील उदाहरणे उपयोगी पडतात.

७.१ मोटारीची काच

काचेचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे ६ ते ७ असतो. काचेवरील आकाशकाच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस पातळ काच असल्याने त्याला या दोहोंमधील एक परिणामी मूल्य जाणवते. हे मूल्य १.४४ आहे असे उदाहरणादाखल मानल्यास अनुस्पंदनाची लांबी १.२ पटीने घटते; १७.३ सेंटिमीटरऐवजी १४.४ सेंटिमीटरच लागतात. म्हणून फास्टॅगचा आकाशक मुळातच काच गृहीत धरून आखलेला असतो. तो काचेवर चिकटविला नाही, तर त्याचे अनुस्पंदन योग्य वारंवारतेवर होत नाही.

काही वाहनधारक टॅग काचेवर न लावता हातात धरून यंत्रास दाखवितात. अशा सुट्या टॅगना काळ्या यादीत टाकण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामागे गैरवापराचे व मार्गिकेतील खोळंब्याचे कारण आहे. परंतु भौतिकशास्त्राचे कारणही तितकेच सबळ आहे. हातातील टॅगला काच मिळत नाही, उलट पाण्याने भरलेल्या बोटांचे सान्निध्य मिळते. दोन्ही बाजूंनी त्याचा मेळ बिघडतो. काचेवर धातूचा उष्णतारोधक लेप असल्यास लहर आत शिरतच नाही. तसेच एकदा काढलेला टॅग पुन्हा चालत नाही; कारण तो काढताना आकाशक तुटावा, अशीच त्याची रचना केलेली असते.

याची दुसरी बाजूही वाहनधारकांनी जाणून घ्यावी. टॅग वैध, कार्यरत व पुरेशी शिल्लक असलेला असूनही नाक्यावरील यंत्रणेच्या बिघाडामुळे पथकर घेता आला नाही, तर वाहनास विनाशुल्क सोडावे, अशी तरतूद २०१८ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे केली आहे. तेव्हा दोष टॅगचा की यंत्रणेचा, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. पैसे कोणी भरावयाचे, हे त्यावर ठरते.

७.२ रुईची गाठ

वऱ्हाडाची ओळख कापसाशी जोडलेली आहे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करून उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली जाते. भारतात एका गाठीचे वजन साधारणतः १७० किलो धरतात. गाठीची ओळख ठेवण्याची गरज नवी नाही. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्यात प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालण्याची तरतूद होती. अलीकडे भारतीय कापूस महामंडळाने गाठींसाठी क्यूआर संकेतावर आधारित मागोवा-पद्धती स्वीकारली आहे, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या 'कस्तुरी' या भारतीय कापसाच्या नाममुद्रेसाठीही असाच मागोवा योजला आहे.

क्यूआर संकेत स्वस्त आहे. परंतु तो डोळ्यांना दिसावा लागतो व एकावेळी एकच वाचता येतो. गोदामात थप्पी लावल्यावर आतील गाठींचा संकेत दिसत नाही. रेडिओ टॅग येथे उपयुक्त ठरू शकतो. कोरडी रुई रेडिओ लहरींना फारसा विरोध करीत नाही. कारण दाबलेल्या गाठीतही हवेचा अंश मोठा असतो. अडचण दोन गोष्टींची आहे. पहिली ओलाव्याची. पाण्याचा अपारक स्थिरांक सुमारे ७८ असल्याने थोड्या ओलाव्यानेही गाठीचे वर्तन बदलते. खरेदी केंद्रावर कापसातील ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा ग्राह्य धरतात व त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दरात कपात होते, हे शेतकऱ्यांना चांगलेच परिचित आहे. तोच ओलावा आकाशकालाही जाणवतो. दुसरी अडचण गाठीभोवतीच्या पोलादी तारांची वा पट्ट्यांची. टॅग तारेला समांतर व तिच्या निकट लावला, तर त्याची शक्ती तारेत प्रवर्तित होते. म्हणून टॅग दोन बंधांच्या मधोमध व त्यांना काटकोनात लावणे श्रेयस्कर. प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्यास हा प्रश्न उरत नाही.

७.३ संत्र्यांची पेटी

वरुड व मोर्शी हे तालुके संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहेत. संत्र्यात पाण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांहून अधिक असते. पेटी भरलेली असताना तिच्या पुठ्ठ्यावर चिकटविलेला टॅग जणू पाण्याच्या भांड्यालाच चिकटलेला असतो. आकाशकाचे अनुस्पंदन खालच्या वारंवारतेकडे सरकते व पाणी शक्ती शोषून घेते. रिकाम्या पेटीवर उत्तम चाललेला टॅग भरलेल्या पेटीवर मुका होतो, तो यामुळे. थोडे अंतर ठेवणे, पेटीच्या हवेशीर कडेला टॅग लावणे किंवा पेटीच्या बाहेर फडफडणारा टॅग वापरणे, हे साधे उपाय आहेत.

७.४ धातू व वस्त्र

धातूच्या पत्र्याजवळ आकाशक नेला की पत्र्यात त्याची उलट्या प्रवाहाची प्रतिमा तयार होते व दोघांचे प्रारण परस्परांना नष्ट करते. म्हणून लोखंडी ट्रॉली वा गॅस सिलिंडर यांसाठी साधा छापील टॅग निरुपयोगी ठरतो. फेस किंवा सिरॅमिक यांचा थर मध्ये असलेला विशेष टॅग लागतो. याउलट वस्त्र हा मुद्रित टॅगचा सर्वांत अनुकूल सोबती होय : कोरडे, धातुविरहित व हवेशीर. जगात अतिउच्च वारंवारतेच्या टॅगचा मोठा वापर तयार कपड्यांच्या व्यापारात होतो, त्याचे हेही एक कारण आहे. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे पीएम मित्र योजनेतून होणाऱ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. निर्यातीचे कपडे तयार होऊ लागले की परदेशी ग्राहक टॅगची मागणी करणारच. तो टॅग बाहेरून मागवायचा की येथे छापावयाचा, हा विचार आताच करावयास हवा.

८. महाविद्यालयीन स्तरावरील चाचणी

अमरावती येथे १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे व त्यानंतर या परिसरात अनेक महाविद्यालये स्थापन झाली. आकाशकाची संपूर्ण चाचणी करण्यास महागडी उपकरणे लागतात. तथापि एका हातवाचकाच्या साहाय्याने पदवीच्या विद्यार्थ्यांनाही पुढील चाचणी करता येईल.

मोकळ्या मैदानात लाकडी वा थर्माकोलच्या आधारावर टॅग ठेवावा व तो वाचला जाण्याचे कमाल अंतर मोजावे. नंतर त्याच टॅगमागे अनुक्रमे काच, कोरडी रुई, ओलसर रुई, संत्री व लोखंडी पत्रा ठेवून तेच मापन करावे. प्रत्येक अंतराचे मूळ अंतराशी गुणोत्तर काढून त्याचा वर्ग करावा. म्हणजे किती अंश शक्ती उरली, हे कळेल. मूळ अंतर ६ मीटर व ओलसर रुईपाशी ३ मीटर आले, तर शक्ती एक चतुर्थांश उरली असे समजावे. थर्माकोलचा एक, दोन, तीन सेंटिमीटर जाडीचा तुकडा मध्ये ठेवून हेच पुन्हा करावे. मापनाच्या वेळी स्वतःचे शरीर टॅगपासून दूर ठेवावे. अन्यथा चाचणी वस्तूची न होता परीक्षकाचीच होईल.

अशी मापने कापसाच्या हंगामात, वेगवेगळ्या ओलाव्यांवर व प्रत्यक्ष गाठींवर घेतली गेल्यास त्यांचे मोल केवळ प्रात्यक्षिकाच्या वहीपुरते राहणार नाही. अन्यत्र आखलेला टॅग आपल्या मालावर चालेल की नाही, याचे उत्तर त्यांतूनच मिळेल.

९. निष्कर्ष

१) आरएफआयडी टॅगची उपयुक्तता चिपइतकीच, किंबहुना अधिक, आकाशकावर अवलंबून असते.

२) वाचनाचे अंतर मिळणाऱ्या शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून छोटी घट चालते, परंतु पाणी व धातू यांमुळे होणारी मोठी घट टॅगला निकामी करते.

३) संवाहक शाईची उणीव पुरेशा आकाराच्या आकाशकात जाणवत नाही, आकार घटविल्यास ती प्रकर्षाने जाणवते.

४) फास्टॅग काचेवरच चिकटविणे हे नियमाइतकेच विज्ञानाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

५) रुईच्या गाठीसाठी क्यूआर संकेत आज पुरेसा ठरत असला, तरी गोदामातील सामूहिक मोजणीसाठी रेडिओ टॅग उपयोगी पडू शकतो. मात्र ओलावा व पोलादी बंध यांचा विचार करून त्याचा आकाशक आखावा लागेल.

६) संत्री, रुई व वस्त्र या तिन्ही वस्तू एकाच जिल्ह्यातील असल्या, तरी रेडिओ लहरींच्या दृष्टीने त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. एकच टॅग तिन्हींना चालणार नाही.

तंत्रज्ञान बाहेरून आणता येते; परंतु ते ज्या मालावर वापरावयाचे त्या मालाचे गुणधर्म येथेच मोजावे लागतात. ते काम कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील महाविद्यालयांनी हाती घ्यावे, असे या विवेचनाच्या आधारे सुचवावेसे वाटते.